समोर येऊन मागा

१

लोखंडी गजावर गिलटाचं कडं वाजलं की कसा आवाज होतो, हे नत्थूजींना शब्दांत सांगता आलं नसतं. पण तो आवाज सव्वीस वर्षं त्यांच्या कानात मुक्कामाला होता. मोठा नव्हता तो. बाईनं खिडकीचा गज धरलेला, हाताला बारीक कापरं भरलेलं, आणि त्या कापऱ्यानं मनगटातलं कडं गजावर हलके हलके आपटत राहिलेलं. टणक, टणक. थोडं थांबून पुन्हा टणक.

जामच्या चौफुलीवरून वर्ध्याच्या अंगाला वळलं की उजव्या हाताला बियाण्यांची कंपनी लागते. नत्थूजी सातवीपर्यंत शिकलेले. पंचविशीत तिथं पोती उचलायला लागले आणि त्यांचा सरळ स्वभाव पाहून मोठ्या साहेबांनी त्यांना लेबल खोलीत बसवलं. लेबल खोली म्हणजे कंपनीचा जीव. पाकिटांवरच्या चित्रांच्या फिल्मा, छपाईचे नमुने, जाहिरातींचे फोटो, सगळं तिथल्या लोखंडी कपाटांत. एक फिल्म बाहेर गेली की महिन्याभरात बाजारात तसंच्या तसं बोगस पाकीट येतं. शेतकरी ते पेरतो आणि उगवत काहीच नाही. म्हणून कपाटांची चावी एकट्या नत्थूजींकडे होती आणि नियमही एकच होता. ज्याला काही पाहिजे त्यानं खिडकीशी यावं, तोंड दाखवावं, साहेबांची सही दाखवावी आणि मग मागावं. निरोप चालत नसे, फोन चालत नसे. मोठ्या साहेबांचा मुलगा एकदा मोटारीत बसल्या बसल्या हॉर्न वाजवत राहिला होता. नत्थूजींनी त्यालाही शांतपणे सांगितलं होतं, समोर येऊन मागा.

पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. जुन्या फिल्मा एकेक करून आत चढवल्या, कपाटं भंगारात निघाली. मोठे साहेब वारले, तो हॉर्नवाला मुलगा साहेब झाला, आणि त्यानंच सगळ्यांदेखत सांगितलं की कुलूप बदललं तरी चावी नत्थूजींकडेच राहील. वर्षाली नावाची कॉम्प्युटर विभागातली बाई त्यांना शिकवायला बसली. मराठी पडदा, मोठी अक्षरं. डावीकडे माणसांची यादी. उजवीकडे, कोणत्या माणसाला काय पाहता येतं आणि काय बाहेर नेता येतं त्याचे रकाने. खाली दोन चौकोन, एक 'द्या', एक 'नाकारा'. नत्थूजींना ते जड गेलं नाही. कुणाची मागणी आली की उत्तराच्या जागी ते एका बोटानं, सावकाश, तेच तीन शब्द लिहीत. मग माणूस खिडकीशी येईपर्यंत वाट पाहत. वर्षाली हसायची. पण नागपूरच्या ऑफिसातली पोरंसुद्धा आता व्हिडिओ कॉल लावून त्यांना तोंड दाखवू लागली होती.

२

रोज सकाळी दहाला नत्थूजी यादी उघडत आणि एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचत. शाळेत गुरुजी हजेरी घेत तशी. त्रेचाळीस नावं. कुणी नोकरी सोडून गेलं असेल तर त्याचा हिरवा ठिपका लाल करायचा, की त्याला दार बंद.

जुलै संपत आला होता. त्या दिवशी पाऊस होता, वीज दोनदा गेली आणि यादी उघडायला बारा वाजले. नावं चव्वेचाळीस भरली. शेवटचं होतं, मंदाबाई लहानू.

त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. शेजारी लिहिलं होतं, 'शेवटचा प्रवेश: आज, १२:१०'. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून बारा मिनिटं झाली होती.

वर्षालीला बोलावलं, तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. चूक तिचीच होती. यंदा 'चांदणी' कापसाचं पाकीट नव्यानं छापायचं होतं, आणि ज्याचा फोटो पाकिटावर आहे त्याचं नाव लिहून ठेवा असं वकिलांचं म्हणणं पडलं. चांदणीवर एक वेचणारी बाई हसत उभी होती. गेटवरचा चौकीदार प्रेमदास तिच्याच गावचा, त्यानं नाव सांगितलं. वर्षालीनं ते भरलं. पण फोटोतल्या माणसाचा फॉर्म आणि कामावरच्या माणसाचा फॉर्म दिसायला सारखेच. तिनं भरला तो दुसराच.

"मंजे फोटोतली बाई कामावर लागली पाहा काकाजी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी त्या वेळेवर बोट ठेवलं.

"पासवर्ड कोनाले देल्ला?"

"कोनालेच नाई. कंपनीच्या सामाईक मेलवर पडला असन. थो कोन उघडते?"

"मंग आलं कोन?"

"नागपूरवाले काहीतरी टेस्टिंग करून राह्यले असतीन. करून टाका ना लाल."

ती गेली. नत्थूजी उठून गेटवर गेले आणि प्रेमदासला, सहज विचारावं तसं, मंदाबाई कुठं असते म्हणून विचारलं. प्रेमदासनं सांगितलं, अकरा वर्षं झाली तिला जाऊन. तिचा नवरा लहानू तिच्याआधीच गेलता. घरात आता कोणी नाही.

त्यांनी परत येऊन ठिपका लाल करायला हात पुढं केला. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला. उद्या करू, असं ते मनाशी म्हणाले, आणि उद्या का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

३

मंदाबाईला नत्थूजी ओळखत होते.

कंपनीच्या चाचणीच्या वावरात ती कापूस वेचायला येई. चांदणीचं पाकीट निघायचं होतं त्या हिवाळ्यात नागपूरहून फोटोवाला आला. ओटीत कापूस भरून ती उन्हात उभी होती आणि तिची सहा वर्षांची पोरगी, कोकिळा, बाजूच्या ढिगावर बसली होती. फोटोवाल्यानं दोघींचा मिळून एकच फोटो घेतला. पाकिटाला एकटी बाई पाहिजे होती. लेबलासाठी अर्धा भाग कापला, आणि सबंध फिल्म च-१९ नंबरानं कपाटात गेली.

पुढच्या पावसाळ्यात कोकिळा तापानं गेली. चार दिवसांचा ताप.

मंदाबाई खिडकीशी आली ती त्यानंतर महिन्याभरानं. नियमाप्रमाणं समोर आली, तोंड दाखवलं, मागितलं. पोरीचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. नत्थूजींनी साहेबांची सही विचारली. साहेब हैदराबादला गेले होते. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. साहेब आलेले नव्हते.

"नेत नाई जी," ती म्हणाली. "खिडकीतूनच दाखवा. पाहू द्या फक्त."

नत्थूजींनी तिला समजावलं की फिल्म उलटी असते, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पाहून काही कळणार नाही. हे खरंच होतं. पण आपण हे का सांगतो आहोत ते त्यांना त्याही वेळी माहीत होतं.

चौथ्या दिवशी ती गज धरून उभी राहिली. कडं वाजत होतं.

"तिचं तोंड आठवत नाई मले, जी. आठवाले गेलं का दुसऱ्याच पोरींचे तोंडं येते डोळ्यापुढं. एकडाव पाह्यलं असतं तं झालं असतं."

नत्थूजींनी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. कंपनीचा भोंगा होईपर्यंत ती तिथं होती. मग लहानू आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर नत्थूजींनी च-१९ काढली आणि बल्बसमोर धरून पाहिली. काळ्या कापसाच्या ढिगावर काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची छोटी पोरगी. त्यांनी फिल्म पाकिटात घातली, पाकीट कपाटात, आणि कपाटाला कुलूप. साहेब आठ दिवसांनी आले. तोवर मंदाबाई यायची थांबली होती, आणि तिच्या गावाला जाऊन निरोप द्यायचं नत्थूजींना सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं.

४

कोण काय पाहून गेलं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी मंदाबाईच्या नावावर बोट ठेवून ती नोंद उघडली.

पहिल्या दिवशी बारा फोटो पाहिलेले होते. रात्रीतून एकशे चाळीस. पाकीट एकही नाही, जाहिरात एकही नाही. सगळे फोटो एकाच फोल्डरातले. त्या फोल्डरचं नाव होतं 'मुलं'. कंपनीचा दरवर्षी कौटुंबिक मेळावा होई, त्यात कामगारांच्या पोरांची चित्रकला, धावणं, बक्षिसं. ते सगळे फोटो त्यात होते. नोंदीत एकेका फोटोपुढं वेळ लिहिलेला होता. चार सेकंद. तीन सेकंद. पाच सेकंद. मुलगे असले की एकच सेकंद.

नत्थूजी देवभोळे होते, पण खुळे नव्हते. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. नागपूरच्या कुणीतरी मेल उघडला असेल. वर्षालीची थट्टा असेल. वीज गेली की यंत्र काहीही लिहीत असेल. प्रत्येक कारण बरोबर वाटत होतं आणि प्रत्येकाच्या मागं तो एक सेकंद उभा राहत होता. टेस्टिंग करणारं माणूस मुलग्यांचे फोटो असे भरभर का टाकील?

त्यांनी ठिपका लाल केला.

तिसऱ्या दिवशी दहाला यादी उघडली, तर वर मागणी आली होती. मागणारं नाव मंदाबाई लहानू. फोल्डर, 'मुलं'. कारणाच्या रकान्यात लोक सहसा 'कामासाठी' असं लिहितात. तिथं लिहिलं होतं, 'माही पोरगी पाहाची हाय.'

नत्थूजींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. पंखा फिरत होता, बाहेर ट्रकमध्ये पोती पडत होती. आणि त्यांचं उजव्या हाताचं बोट, बत्तीस वर्षांच्या सवयीनं, त्यांना न विचारता, एकेक अक्षर शोधत निघालं. मागणी आली की हे बोट जे करत आलं होतं तेच त्यानं केलं. आपण काय लिहितो आहोत हे नत्थूजींना कळलं ते लिहून, पाठवून झाल्यावर.

'समोर येऊन मागा.'

५

त्या दिवशी दुपारी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नत्थूजी खिडकीकडे पाठ करून बसू लागले आणि मग ते नको वाटलं म्हणून पुन्हा तोंड करून बसू लागले. चहा निवून जायचा. ते उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुटीत, आवारात कुणी नसताना आवाज आला. टणक, टणक. थांबून, टणक.

त्यांनी मान वर केली. खिडकीला आता गज नव्हते. सहा वर्षांपूर्वी खोली नवी केली तेव्हा ते काढून दुधी काच बसवली होती, मधे हातभर सरकती फट. काचेवर कडं वाजलं तर काचेचा आवाज येईल. हा लोखंडाचा होता.

काच पांढरी होती. पलीकडे काही नव्हतं, किंवा जे होतं ते काचेइतकंच पांढरं होतं.

त्यांनी फट उघडली नाही. पडद्यावर नोंद उघडली. ठिपका लालच होता, तरी मंदाबाईच्या नावापुढं नवी ओळ आली होती. आता शेकड्यानं फोटो नव्हते. एकच होता, मागच्या मेळाव्यातला. पुढं वेळ, तीन तास बारा मिनिटं.

तो फोटो रुपाचा होता. रुपा नत्थूजींची नात.

मुलगा धनंजय ट्रकवर असे, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सून छाया हिंगणघाटला कापडाच्या दुकानात कामाला. म्हणून शाळेचा ऑटो रुपाला साडेचारला कंपनीच्या गेटशी सोडायचा, आणि छाया येईपर्यंत ती लेबल खोलीत नत्थूजींच्या टेबलाखाली रंग पसरून बसायची. वय वर्षं सहा. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. ऑटोतून उतरता उतरता तिच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

त्या दिवशी ती आली तेव्हा नत्थूजींनी तिला मांडीवर घेतलं. तिच्या वेणीत काहीतरी पांढरं अडकलेलं दिसलं. त्यांनी ते बोटांनी काढलं. कापसाचा पुंजका होता, बोंडातून नुकता निघावा तसा, ऊन लागलेला आणि कोमट. जुलैत कापूस कुठला? वावरात कापसाची पऱ्हाटी अजून गुडघ्यालाही लागली नव्हती.

"हे कोठून आनलं व?"

"मले नाई माहीत." तिनं रंगाच्या डबीचं झाकण उघडलं. "आबा, कोकिळा कोन होय?"

"कोनं सांगतलं तुले हे नाव?"

"शाळेच्या गेटपाशी एक बाई येते. मले कोकिळा म्हनते. मी म्हनलं, माहं नाव रुपा. तं माह्याकडं पाहात राह्यली, पाहात राह्यली, अन् मंग मानच हालवते." तिनं स्वतःची मान हलवून दाखवली. होयही नाही, नाहीही नाही, अशी. "तिले काहीच आठवत नाई वाट्टे."

त्या संध्याकाळी नत्थूजींनी सुनेला सांगितलं की उद्या पोरीला शाळेत पाठवू नको. छायानं विचारलं, काऊन मामाजी, ताप आहे का? ताप नव्हता. शनिवारी परीक्षा होती. छायानं सकाळी पोरीचा डबा भरला.

६

दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी कपाळाला हात लावून पुष्कळ वेळ विचार केला. शेवटी त्यांना वाटलं की हे अगदी साधं आहे. बाई आपली पोरगी शोधते आहे. पोरगी तिथं नाहीच. ती च-१९ मधे आहे, आणि च-१९ 'मूळ फिल्मा' या फोल्डरात, साहेबांच्या सहीशिवाय उघडायचं नाही अशा कुलपात. ती नको तिथं शोधते म्हणून तिला नको ती पोरगी सापडते. तिची तिला देऊन टाकली की झालं. सव्वीस वर्षांपूर्वी द्यायची होती.

सही मागायला ते गेले नाहीत. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

च-१९ उघडली. आता यंत्र फिल्मची उलटी बाजू सुलटी करून दाखवी. ढिगावर बसलेली पोरगी, एका डोळ्यावर ऊन येतं म्हणून तो मिटलेला, समोरचे दोन दात पडलेले. बाजूला तिची आई हसत होती. पाकिटावर ती कुणाकडे पाहून हसते हे कधी कळत नसे. ती पोरीकडे पाहून हसत होती.

नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विचार केला, मंदाबाईला 'मूळ फिल्मा' काय माहीत? ती शोधते 'मुलं' मधे. म्हणून त्यांनी फोटो उचलून 'मुलं' मधे ठेवला, सगळ्यांच्या वर, पहिलाच दिसेल असा. मग तिच्या नावाचा ठिपका हिरवा केला. 'पाहणे' या रकान्यात खूण केली. पुढचा रकाना होता 'बाहेर नेणे'. बिचारी म्हणाली होती, नेत नाई जी. त्यांनी त्यातही खूण केली. ने माय. घरी ने.

'द्या' दाबलं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

कड्याचा आवाज आला नाही. पण खोलीतला उजेड थोडा कमी झाला, जसा खिडकीशी माणूस उभं राहिल्यावर होतो. दुधी काचेवर एक सावळा आकार होता. डोक्यावरून पदर असावा. नत्थूजी खुर्चीतच बसून राहिले.

"पाहा माय," ते म्हणाले. मग थोडं मोठ्यानं पुन्हा म्हणाले. "पाहा. अन् न्या. तुमचीच होय."

आकार बराच वेळ हलला नाही. मग तो एका बाजूला वाकला, आणि काचेच्या खालच्या काठाशी, त्याच्या कमरेच्या उंचीला, आणखी काहीतरी गडद होत गेलं. लहान, गोल. एखादं डोकं असावं तसं. त्याच्या शेजारी, थोडं पलीकडे, काच अजून एका ठिकाणी गडद होऊ पाहत होती, पण तेवढ्यात बाहेरून ट्रक गेला, खोली हादरली, आणि काच पुन्हा पांढरी झाली.

७

नत्थूजींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बाहेर येऊन प्रेमदासबरोबर चहा घेतला. प्रेमदास चेष्टेनं म्हणाला, नत्थूभाऊ, आज तुमी खोली उघडी टाकून आले, सूर्य पश्चिमेले उगवला का? नत्थूजी हसले. आज घरी जाताना रुपासाठी जिलबी न्यायची असंही त्यांनी ठरवलं.

चार वाजून गेल्यावर वर्षाली आली. तिच्या पडद्यावर सूचना आली होती.

"काकाजी, त्या मंदाबाईच्या नावानं 'मुलं' मधून बाहेर गेले फोटो. तुमी देल्ली का परवानगी?"

"देल्ली. एका फोटोची."

"एका फोटोची देताच येत नाई ना जी. मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं. परवानगी फोटोले लागत नाई, फोल्डरले लागते. ज्या फोल्डरात ठेवला, थो पुरा उघडा झाला." तिनं वाकून माउस हातात घेतला. "हे पाहा. बाहेर नेले, दोन."

नत्थूजींनी पाहिलं. दोन असा आकडा होता.

वर्षालीनं तो आकडा दाबला. पहिलं नाव च-१९. दुसऱ्यापुढं मेळाव्याचा नंबर होता, तीन तास बारा मिनिटं पाहिलेल्या त्या फोटोचा. तिनं तो फोटो उघडला आणि थांबली. पडद्यावर राखाडी चौकोन होता, फोटो नव्हता. तिनं च-१९ उघडून पाहिली. तिथंही राखाडी चौकोन. असं होत नाही, ती पुटपुटली. बाहेर नेला तरी नक्कल जाते, मूळ फोटो जागेवर राहतो, नेणारं कोणीही असो, मूळ हलतच नाही. ती नागपूरला फोन लावायला लागली. दुसरा फोटो कुणाच्या पोरीचा होता, असं तिनं मान वळवून विचारलं, पण खुर्ची रिकामी होती.

नत्थूजी आवारातून चालत होते. पळायचं वय नव्हतं, तरी ते जवळजवळ पळत होते. शाळेत फोन करावा असं मनात आलं आणि फोन टेबलावरच राहिला हेही मनात आलं. तिचं तोंड तिला आठवत नाही, दुसऱ्याच पोरींची तोंडं येतात डोळ्यांपुढं. जिला ओळख पटत नाही ती काय करील? दोन्ही घेऊन जाईल. घरी नेऊन निवांत पाहील. गेटपर्यंत येता येता त्यांच्या मनात एवढंच फिरत राहिलं, आणि फोटो म्हणजे फोटो, पोरगी म्हणजे पोरगी, असं ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

गेटशी प्रेमदास खुर्चीवर बसला होता. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं. साडेचारला दोन मिनिटं कमी असताना ऑटो आला.

आतली पोरं नेहमीसारखी ओरडत होती. त्यांच्यातून रुपा खाली उतरली. निळा फ्रॉक, पाठीवर दप्तर, एका पायातला मोजा घसरलेला. सगळं जागच्या जागी होतं. नत्थूजींनी दप्तर घ्यायला हात पुढं केला.

"आली का माही माय?"

रुपानं त्यांच्याकडे पाहिलं. वाटेत उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाकडे लेकरं पाहतात, तसं. मग तिनं मान बाजूला वळवून वर पाहिलं, शेजारी कुणी मोठं माणूस उभं असावं तेवढ्या उंचीवर, आणि उजवा हात उचलला. मूठ कशाच्या तरी भोवती मिटली.

ऑटो निघून गेला. ती रस्त्यानं गेली नाही. कंपनीच्या कुंपणाला लागून चाचणीच्या वावरात उतरणारी पायवाट आहे, तिकडे वळली.

"रुपा," नत्थूजींनी हाक मारली. तिचं पाऊल अडखळलंसुद्धा नाही. दुसरं एक नाव त्यांच्या ओठांवर आलं. ते ऐकून ती वळून पाहील असं त्यांना वाटलं, आणि म्हणूनच त्यांनी ते गिळलं.

"नत्थूभाऊ, पोरगी वावरात कोठं चालली?" प्रेमदास खुर्चीतून उठत म्हणाला. "अन् हात असा काऊन धरला तिनं?"

नत्थूजींचा हात अजून दप्तरासाठी पुढं होता. गुडघ्याखालच्या पऱ्हाटीतून, ओल्या मातीत, ती सावकाश चालत होती, बरोबरच्या माणसाच्या चालीनं. रोज उतरल्याबरोबर बोलायला लागणारी ती पोर काही न बोलता निघून गेली.